मोरीवरचे धोंडे

त्या वर्षी आमच्या घरात चार माणसं, दोन म्हशी आणि एक ट्रॅक्टर होता. चार माणसं म्हणजे अण्णा, काकी, सुरेश आणि मी. अण्णा माझे वडील. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले होते आणि घरातली कामं त्यांनी फौजेतल्यासारखी वाटून दिली होती. कोणतं काम कुणाचं, यावर आमच्याकडे कधी भांडण झालं नाही. काकी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. काका अजून नोकरीत होते, सरहद्दीकडे कुठंतरी, आणि वर्षातून एकदा हिरवी ट्रंक घेऊन यायचे. माझी आई मी तीन वर्षांची असताना वारली, त्यामुळे मला आणि माझी थोरली बहीण वत्सलाताई हिला काकीनंच वाढवलं. ताई लग्न होऊन साताऱ्याला गेली होती. सुरेश काकीचा एकुलता एक मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, वीस वर्षांचा. गाव कुंडलच्या पलीकडे, उसाच्या रानात. कारखान्याचा भोंगा वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कमीजास्त ऐकू यायचा आणि काकी त्यावर भाकरीचा तवा ठेवायची. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते अण्णांचं होतं.

गळिताचा हंगाम सुरू झाला की दिवसभर रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जायच्या. ट्रॉलीच्या साखळ्यांचा खळखळाट, टेपवर लावलेली गाणी, पाचट जळल्याचा वास आणि रात्रंदिवस अंगावर बसणारी काळी राख हे चार महिने घरातलेच वाटायचे. सुरेश आमचा ट्रॅक्टर चालवायचा. तो चांगला चालवायचा, हे नोंदवून ठेवते, कारण पुढं जे घडलं त्याचा त्याच्या चालवण्याशी संबंध नाही. त्याला फौजेत जायचं होतं. रोज पहाटे तो कॅनॉलच्या बाजूनं पळायचा आणि आल्यावर चार अंडी आणि शेर दूध घ्यायचा. काकी म्हणायची, “ह्यो भरती हुईस्तवर माज्या म्हशी आटत्याल.”

घरातली आणखी एक वस्तू सांगायला हवी. काकीचं जातं. गावात पिठाची गिरणी कधीच आली होती, पण डाळ भरडायला काकी जातंच वापरायची. त्या दिवाळीत जात्याचा खालचा दगड मधोमध फुटला. एक तुकडा न्हाणीच्या दाराशी टाच घासायला गेला. दुसरा सुरेशनं ट्रॉलीत टाकला. चढावर ट्रॉली थांबवावी लागली तर चाकामागे लावायला बरा दगड लागतो, आणि हा एका बाजूनं गोल, एका बाजूनं सपाट, अगदी त्यासाठीच घडवल्यासारखा होता.

“माजं जातं रस्त्याला लावलंस व्हय रं?” काकी म्हणाली.

“आयं, जल्मभर एका कोपऱ्यात बसलं हुतं. आता जरा गावं बघंल की.”

आमच्या भागात गाडी रस्त्यात बंद पडली की तिच्याभोवती धोंडे मांडतात. ही पद्धत कुणी शिकवलेली नाही. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून दहा-पंधरा पावलं मागं एक रांग, मग बाजूनं एकेक, जमल्यास बाभळीचा किंवा लिंबाचा एक डहाळा. मांडताना सगळे मांडतात. गाडी दुरुस्त झाली की चालक चढतो आणि निघून जातो, आणि धोंडे तिथंच राहतात. हेही कुणी शिकवलेलं नाही. आजही साताऱ्याहून सांगलीकडे येताना एखाद्या वळणावर डांबरावर रिकाम्या जागेभोवती धोंड्यांचा चौकोन दिसतो. गाडी गेलेली असते, तिचा आकार तेवढा मागं राहिलेला असतो.

त्या दिवशी सकाळी गावापासून चार मैलांवर, ओढ्याच्या मोरीजवळ, आमच्या ट्रॉलीचा ॲक्सल तुटला. मी सायकलवरून भाकरी घेऊन गेले तेव्हा सुरेश धोंडे गोळा करत होता. मी मदत केली. एकूण सात धोंडे होते. त्यातले तीन मी ओढ्यातून आणले. जात्याचा अर्धा दगड ट्रॉलीच्या मागच्या उजव्या चाकामागे, म्हणजे रस्त्याच्या मध्याच्या बाजूला होता. पलूसहून फिटर यायला दुपार झाली. काम उरकलं तेव्हा चार वाजून गेले होते आणि कारखान्यावर नंबर लावायचा तर सुरेशला निघणं भाग होतं. नंबर गेला की ऊस दीड दिवस उन्हात वाळतो. त्यानं ट्रॅक्टर सुरू केला. माझी सायकल उसावर टाकली आणि मी मडगार्डवर बसून पुढं फाट्यापर्यंत गेले, तिथून पाणंदीनं सायकलवर घरी. एकदा मागं वळून पाहिलं. सगळे धोंडे जागच्या जागी होते. मला वाटलं, रिकामी ट्रॉली घेऊन परत येताना तो उचलेल. तो कारखान्यावरून उशिरा, दुसऱ्याच रस्त्यानं आला, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला साताऱ्याला जायचं होतं. ताईला सातवा महिना होता आणि तिच्या डोहाळजेवणाला काकी दोन दिवस खपत होती. शेंगदाण्याच्या पोळ्या, तिळाच्या वड्या, सांज्याच्या करंज्या, दशम्या, वर कैरीच्या लोणच्याची बरणी. शेंगदाणे भाजल्याचा आणि गुळाचा वास इतका दाट होता की अण्णासुद्धा, जे स्वयंपाकघरात कधी येत नसत, दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “पलटनीचं जेवण हाय काय?” काकी डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, “न्हाई. एकीचंच हाय, पर ती दोघांचं खानार.”

गाडी दस्तगीरमामांची होती. ते नात्यानं मामा नव्हते. सगळ्या गावाचे मामा होते. त्यांच्याकडे काळी अॅम्बॅसॅडर होती आणि आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या नवऱ्यामुली त्या गाडीतून सासरी गेल्या होत्या. रजेवर आलेल्या जवानाला स्टेशनवरून आणायचं आणि रजा संपली की पोचवायचं, हेही त्यांचंच काम. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कानात अत्तराचा बोळा. अण्णा फार थोड्या माणसांचं कौतुक करत. दस्तगीर गाडीला हात लावतो तो घोड्याला लावल्यासारखा, असं एकदा म्हणाले होते.

सकाळी आठच्या सुमारास गाडी दारात लागली. सुरेश डबे बाहेर नेत होता. मी चुलीपाशी बसून करंज्यांच्या डब्याला फडकं बांधत होते. काकी उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे एकेक डबा देत होती. मधेच तिनं विचारलं, “काल मोरीवर धोंडं मांडलं हुतंस, त्ये उचलून टाकलंस न्हवं?”

“व्हय.”

“समदं?”

“व्हय म्हनतोय न्हवं.”

मी मान वर करून पाहिलं. सुरेशचं तोंड डब्याकडे होतं. मी काही बोलले नाही. त्यानं परतीच्या वाटेवर उचलले असतील, असं समजायला जागा होती, आणि मी तसं समजले.

मला गाडी लागायची म्हणून मी पुढं, मामांच्या शेजारी बसले. काकी मागं, मामांच्या पाठीमागच्या बाजूला, मांडीवर मोठा डबा घेऊन. बाकीचे डबे तिच्या शेजारी माणसासारखे बसवले होते. गाव मागं पडलं तसे मामा म्हणाले, “वैनी, ह्यो वास नाकात गेला की मला गेरच घावंना झालाय.”

“साताऱ्यापतूर दम धरा. पोचल्यावर पयली पोळी तुमाला.”

“आन् पोरीच्या आधी खाल्ली तर?”

“तर जावाई तुमालाच ववाळंल. नेसा हिरवं लुगडं.”

मामा हसले. आमच्यापुढं एक ट्रक होता, रिकाम्या पोत्यांचा, उंच. तो मोरीपाशी पोचला आणि सरळ पुढं गेला. ट्रकची चाकं मोठी, बूड उंच; तो धोंड्यांच्या रांगेवरून तिला चाकांमध्ये घेऊन गेला. ट्रक पुढून सरकला आणि धोंडे दिसले, ते गाडीपासून तीन-चार पावलांवर. मामांनी गाडी उजवीकडे घेतली. मांडलेले धोंडे चुकले. डावं पुढचं चाक जात्याच्या दगडावर चढलं. ते मी पाहिलं. दगडाची टाकी लावलेली, दळायची खरबरीत बाजू वर होती.

मोठा आवाज झाला असणार. मला तो आठवत नाही. गाडी आडवी घसरत जाऊन उजव्या अंगानं चिंचेच्या झाडाला लागली. मला आठवतं ते डब्याचं झाकण. ते रस्त्यावरून कडेवर चालत ओढ्यापर्यंत गेलं आणि बराच वेळ गोल फिरून आडवं पडलं. करंज्या सगळीकडे होत्या. पेट्रोल आणि भाजलेले तीळ यांचा एकत्र वास येत होता. पुढं कामानिमित्त मी बऱ्याच अपघातांच्या जागी गेले. पेट्रोलचा वास प्रत्येक ठिकाणी होता आणि तिळाचा कुठंच नव्हता, तरी मला तो येत राहिला.

शेजारच्या फडातून ऊसतोडीची माणसं कोयते घेऊन धावत आली. त्यांनी दार उपटून मामांना काढलं, मग मला. माझी मांडी मधेच वाकली होती. एका बाईनं, तिचं नाव मी विचारलं नाही, दोन सरळ ऊस सोलून माझ्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावले आणि आपल्या लुगड्याची पट्टी फाडून बांधले. बांधताना ती म्हणाली, “वरडायचं आसंल तर वरड बाई, कुनी हासत न्हाई.” सांगलीत डॉक्टरांनी ते सोडताना विचारलं, हे कुणी बांधलं, आणि कंपाउंडरला बोलावून दाखवलं. काकीला काढायला सगळ्यात वेळ लागला. ती शुद्धीवर होती. तिला रस्त्यावर निजवलं तेव्हा ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “नलू, डबा बघ.” तिला एवढंच बोललेलं मी ऐकलं. सांगलीला पोचण्याआधी टेम्पोतच ती गेली.

टेम्पो निघण्यापूर्वी अण्णा सायकलवरून आले. कुणीतरी शेतात जाऊन सांगितलं होतं. त्यांनी सायकल नीट स्टँडवर लावली. काकीच्या नाडीला हात लावला, माझ्या कपाळाला लावला, मामांना म्हणाले, “हलू नगा.” मग ते रस्त्याच्या मध्यावर गेले आणि जात्याच्या दगडापाशी उभे राहिले. मी टेम्पोच्या फाळक्यावरून पाहत होते. त्यांनी तो दगड पायानं ढकलत ढकलत कडेला नेला आणि ओढ्यात लोटला. नंतर उरलेले धोंडे एकेक करून उचलून टाकले. पोलीस येऊन पंचनामा झाला तेव्हा त्यात रस्ता डांबरी, सरळ आणि निर्वेध असल्याचं लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यानं डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं.

सांगलीच्या हॉस्पिटलात मला सहा आठवडे पायाला वजन बांधून ठेवलं होतं. मामा खालच्या मजल्यावर होते. बरगड्या आणि उजवा हात. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आले. त्यांनी डोक्यावरचे केस काढले होते. स्टूल ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “हवालदार येतोय जबाब घ्यायला. इचारील तेवढंच सांगायचं.”

“आणि धोंडे?”

ते खिडकीकडे पाहत होते. “सुरेशची भरती पुढल्या म्हैन्यात हाय. पोलीस चौकशीत नाव आलं की संपलं. एक मानूस गेलं. दुसरं घालवायचं न्हाई.”

“आणि मामा?”

“गाडीचा विमा आसतोय. लायसन मिळतंय परत.” मग म्हणाले, “सुरेश दोन दिस जेवला न्हाई. मी त्येला काय इचारलं न्हाई. तू बी इचारू नगं.”

हवालदार पोक्त होता, घाम पुसत पुसत बोलायचा. त्यानं मला पाच-सहा प्रश्न विचारले आणि उत्तरं ऐकत ऐकत न थांबता लिहीत गेला. मग वाचून दाखवलं. दस्तगीर याने आपल्या ताब्यातील मोटार हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून झाडास ठोकर दिली, वगैरे.

“भरधाव नव्हती,” मी म्हणाले.

“बाई, ह्ये आसंच ल्ह्यावं लागतंय. कलमात तसंच हाय.”

“पण नव्हती.”

“बरं, मग किती हुता येग? आकडा सांगा.” मला आकडा सांगता आला नाही. “बघा,” तो म्हणाला, आणि कागद पुढं केला. रस्त्यावर काही होतं का, हे त्यानं विचारलं नाही. अण्णा पलंगाच्या पायथ्याशी हात मागं बांधून उभे होते. मी सही केली. शुद्धीवर असलेली आणि लिहिता-वाचता येणारी तिथं मीच होते, त्यामुळे दस्तगीरमामांच्या विरुद्ध फिर्यादी म्हणून कागदावर माझं नाव लागलं.

दोन दिवसांनी शेजारच्या पलंगावरच्या बाईचा नवरा बटाटेवडे घेऊन आला. त्याखालचा कागद सांगलीच्या वर्तमानपत्राचा होता आणि त्यात आमची बातमी होती. पाच ओळी. चालकाचा ताबा सुटल्याने मोटार झाडावर आदळून एक महिला ठार, दोन जखमी. काकीचं नाव बरोबर होतं, वय चुकलं होतं. मी पुढं ज्या धंद्यात गेले त्याच्याशी माझी ही पहिली ओळख. चालकाचा ताबा सुटल्याने, हे शब्द आमच्या डेस्कवर दिवसातून तीन-चार वेळा यायचे. सोयीचे असतात, त्यात कुणी खोटं बोलत नाही आणि कुणी चौकशीही करत नाही. मी ते खोडायची आणि वार्ताहराला फोन करून विचारायची, ताबा कशामुळे सुटला. बहुतेकांना ठाऊक नसायचं. काहींना राग यायचा.

जैतूनमामी, मामांची बायको, खालच्या मजल्यावर त्यांच्यापाशी असायच्या. रोज मला वर येऊन भात आणि पातळ कालवण देऊन जायच्या, कारण ताईला त्या दिवसांत येता येत नव्हतं आणि माझ्याकडे बघायला दुसरं बाईमाणूस उरलं नव्हतं. त्यांनी माझे केस विंचरले, पाठ पुसली. एक दिवस वेणी घालता घालता म्हणाल्या, “नलू, ह्ये म्हनत्यात रस्त्याला धोंडं हुतं. हवालदार म्हनतोय, समदं चालक आसंच म्हनत्यात. तू म्होरं बसली हुतीस. तू बघितलंस काय गं?”

मी म्हणाले, “मला आठवत नाही.”

“आसू दे,” त्या म्हणाल्या. “डोस्क्याला मार लागला की आसं हुतं.” माझ्या डोक्याला मार लागला नव्हता. त्यांच्या हातात माझी वेणी होती.

काका तार मिळून बाराव्याला पोचले आणि रजा संपली तसे परत गेले. सुरेश पुढच्या महिन्यात भरती झाला आणि तिसऱ्या आठवड्यात बेळगावला गेला. जाताना हॉस्पिटलात आला होता. दहा मिनिटं बसला, माझ्या पायाला बांधलेल्या वजनाकडे बघत. “दुखतंय का?” “आता नाही.” एवढंच बोलणं झालं. मामांचं लायसन पोलिसांनी कोर्टात जमा केलं. गाडीचा सांगाडा काही दिवस चौकीसमोर होता, मग कुठं गेला कळलं नाही. मी काठी टेकत कॉलेजला जायला लागले तेव्हा एस.टी.च्या खिडकीतून फाट्यावरचं सायकलचं दुकान दिसायचं. ते मामांच्या साडूचं. मामा तिथं खाली बसून पंक्चर काढायचे, डाव्या हातानं. उजवा नीट वळत नव्हता. निकाल लागायचा होता, पण गावानं आपल्यापुरता तो लावला होता. वराती दुसऱ्याच्या जीपमधून जायला लागल्या. पारावर कुणी पत्ते वाटताना एखादं पान खाली पडलं की म्हणायचे, “ताबा सुटला गड्या, दस्तगीरागत.” हे मी स्वतः ऐकलं. अण्णाही तिथं होते. ते उठून गेले.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मधे दोन वर्षं गेली होती. त्या दोन वर्षांत मी काय विचार केला, हे लिहिता येईल, पण तो नेमका आठवतो असं म्हणणं खरं होणार नाही. एवढं आठवतं की एक दिवस एस.टी. फाट्यावर बंद पडली. मी उतरले. मामा दुकानातून उठले, रस्त्याच्या कडेचे चार धोंडे उचलून एस.टी.मागे मांडले. तासाभरानं गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी ते चारही, डाव्या हातानं, एकेक करून परत कडेला नेऊन ठेवले. चालकानं तोवर हॉर्न दिला होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी दिसले असावे.

कोर्टात सरकारी वकिलांनी माझा जबाब वाचला आणि हा तुमचाच का, विचारलं. मी हो म्हणाले. सही माझीच का? हो. मग मामांचे वकील उठले. ते तरुण होते, कोट दुसऱ्याचा असावा, आणि मला वाटतं त्यांना फारशी आशा नव्हती. त्यांनी विचारलं, “रस्त्यावर काही अडथळा होता का?”

“होता. सात धोंडे आणि जात्याचा अर्धा दगड.”

वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. “कुणाचा?”

“आमच्या घरचा. आदल्या दिवशी आमची ट्रॉली तिथं मोडली होती. धोंडे मांडताना मीही होते. तीन मी मांडले. निघताना आम्ही ते उचलले नाहीत.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे जबाबात का नाही?”

“मला विचारलं नव्हतं. आणि मी सांगितलं नव्हतं. दोन्ही.”

सरकारी वकिलांनी मला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. हा शब्द मी पुढं शेकडो बातम्यांत वापरला. वापरताना प्रत्येक वेळी थोडी थांबले. मग त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. दगड कुठं गेला? ओढ्यात. कुणी टाकला? अण्णा मागच्या बाकावर बसले होते. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी. ट्रॉलीवर कोण होतं? माझा चुलतभाऊ आणि मी. निघताना काय बोलणं झालं? फारसं नाही, मी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातून निघताना? मी म्हणाले, डबे गाडीत ठेवत होतो. त्यांनी पुढं विचारलं नाही, आणि मीही तेवढंच सांगितलं.

दस्तगीरमामा पुढच्या तारखेला निर्दोष सुटले. साक्षीच्या दिवशी मात्र निकाल कुणालाच ठाऊक नव्हता. आम्ही कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभे होतो, अण्णा एका बाजूला, मामा एका बाजूला. दोघांच्या हातात कपबश्या. मग मामाच म्हणाले, “सुभेदार, एक सांगू का? आत मला कुनी इचारलं न्हाई. मी ट्रकच्या बुडाला चिकटून चालवत हुतो. वीस हात मागं आसतो तर दिसलं आसतं धोंडं. वैनीसंगं हासत हुतो.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “तवा धोंड्याचं बी हाय आन् माजं बी हाय.”

अण्णा म्हणाले, “माजं बी हाय.” मग माझ्याकडे वळून, जसे ते घड्याळाला किल्ली देताना बोलत तसे, म्हणाले, “जबाब बराबर दिलास.” तिघांच्या चहाचे पैसे त्यांनीच दिले आणि आम्ही एकाच एस.टी.नं परत आलो.

सुरेशचं काही झालं नाही. त्याची नोकरी गेली नाही. कुणी त्याला बोलावलंही नाही. अण्णांची भीती अनाठायी होती की नशीब चांगलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी त्याला पत्र लिहून साक्षीत काय सांगितलं ते कळवलं. उत्तर आलं, त्यात हवामान होतं, जेवण होतं, आणि शेवटी, मामांना सलाम सांग, असं होतं. मामांनी नंतर पुन्हा गाडी घेतली आणि म्हातारपणापर्यंत चालवली. ते, अण्णा, जैतूनमामी, कुणीच आता नाहीत. मोरीही नाही, तिथून चौपदरी रस्ता गेला आणि चिंचेच्या जागी दुभाजक आहे, त्यात कण्हेर लावली आहे.

सुरेश नायब सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि गावात राहतो. हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी त्याला फोन केला. घरातलं काही छापायचं तर ज्याचं त्याला आधी वाचून दाखवावं, एवढा नियम मी नोकरीतून घरी आणला आहे. तेव्हाच्या मसुद्यात ती सकाळ होती, डबे होते, अण्णांचं पलटनीचं वाक्य होतं, सगळं होतं. काकीचा प्रश्न नव्हता. मी वीस मिनिटं वाचत होते. त्यानं एकदाही टोकलं नाही. वाचून झाल्यावर पलीकडून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

“एक ऱ्हायलं,” तो म्हणाला.

“काय?”

“आयनं इचारलं हुतं. डबं देताना.”

“मला ठाऊक आहे.”

“तू कुठं हुतीस?”

“चुलीपाशी. करंज्यांचा डबा बांधत होते.”

“मंजी समदं ऐकलंस.” तो म्हणाला. “कोर्टात बी सांगितलं न्हाईस.”

“नाही. आदल्या दिवशी निघताना मलाही धोंडे दिसले होते, सुरेश. मीही बोलले नाही.”

“त्ये तुजं तू लिही.” तो सावकाश बोलत होता, जेवताना कुणी मधे खडा काढावा तसा एकेक शब्द. “माजं बी लिही. व्हय म्हनलो हुतो. दोन टायमाला म्हनलो. दोन्ही टायमाचं लिही.”

वर, डबे गाडीत ठेवतानाच्या सकाळी, तो शब्द दोनदा आहे.